वेगळं ताट

चाकणच्या कंपनीत रक्तदान शिबिर झालं आणि ज्योतीरामच्या रक्तात हेपॅटायटिस सी निघाला. त्या दिवसापासून दैवशालाने नवऱ्याचं ताट नि पेला वेगळा काढला. तो त्यातच जेवायचा.

आज दोघं चिंचवडच्या दवाखान्यात आली होती. दुसरा रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “व्हायरस आहे, पण लिव्हर चांगलं आहे. तीन महिने गोळ्या घेतल्या की बहुतेक जण पूर्ण बरे होतात. जेवणातून हा पसरत नाही, रक्तातून पसरतो. यांच्या दाढीचं ब्लेड आणखी कुणी वापरतं?”

दर रविवारी त्याच ब्लेडने दैवशाला भेगाळलेल्या टाचा रक्त येईपर्यंत तासायची. तिने पाय खुर्चीखाली ओढले.

“हिचंबी रक्त घ्या, मॅडम,” ज्योतीराम हळूच म्हणाला.

ताटाचं त्याने नावही काढलं नाही.