खंडेनवमीचा नमुना

खंडेनवमीला भट्टीपासून केरसुणीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावायचा मान निशाचा. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात टंगस्टनची पूड दाबून, भट्टीत भाजून जड धातूचे ठोकळे करत. कॅन्सर हॉस्पिटलच्या यंत्रांत किरणं अडवायला ते लागत. ठोकळ्याला केसाएवढा तडा दिसला तरी भट्टीप्रमुख निशा तो भंगारात टाकी. आणि आता मालक मितेश तिला म्हणत होता, आदळताच ठिकऱ्या उडतील असा धातू कर! दारूगोळ्याची ऑर्डर मिळवायची होती म्हणे. तिनं तोंडावर नाही म्हणून सांगितलं. शेठनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं आणि नमुना बाहेरून करून आणला.

तो अंगठ्याएवढा नमुना आज पाटावर, झेंडूच्या फुलांत मांडलेला. कामगारांची बायकापोरंही नटूनथटून आलेली. निशानं भट्टीला कुंकू लावलं, प्रेसला लावलं, तराजूला, पान्यांना लावलं आणि ताट खाली ठेवलं.

"निशाताई, तो राहिला ना," मितेश हसत म्हणाला.

"राहू दे."

"अगं ताई, आज शस्त्रांचीच पूजा असते!"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर तिचं डोकं आणखीच सणकलं.

"तलवार उपसणाऱ्याला समोरचा माणूस तरी दिसतो, शेठ. ह्याच्या ठिकऱ्या कोणाच्या पोराच्या अंगात घुसल्या, ते मारणाऱ्याला पण कळत नाय. मी नाय लावणार."

"आपण नाही केलं तर दुसरा कोणीतरी करणारच."

"करू दे. त्याच्या हातानं करेल, माझ्या नाय."

चारचौघांत नाक कापलं गेलं तसा मितेश भडकला. "मग राजीनामा दे! भट्टी धनेश बघेल."

तिच्या हाताखालच्या धनेशनं मान खाली घातली. ही भट्टी निशानं जीव लावून सांभाळली होती, ती तिला सोडायची नव्हती. म्हणूनच ती जागची हलली नाही.

"राजीनामा मी का देऊ? चोरी केलीय काय? काढायचं तर काढा. पण आत्ता, इथंच, ह्या पोरांसमोर. आणि कशासाठी काढलं ते मोठ्यानं सांगा."

मितेशनं तोंड उघडलं. पोरं पेढ्यासाठी हात पुढे करून त्याच्याकडेच बघत होती. त्यानं तोंड मिटलं.

निशानं पेढ्यांचं ताट उचललं आणि पहिला पेढा शेठच्याच हातावर ठेवला.

"घ्या. दसरा झाला की भट्टी पेटवायला येतेच मी."