मुराळ्याची गाडी

"पेट्रोल आहे ना रे?" लाडवांचा डबा मागच्या सीटवर ठेवत आईने विचारलं.

"आहे गं," केयूर म्हणाला. काट्याकडे त्याने पाहिलंही नाही.

चारुलताबाई लेकाला सोडायला सोसायटीच्या गेटापर्यंत आल्या. त्याच्या बहिणीला, क्षिप्राला, सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला न्यायला जायचं ते भावाने, मुराळी होऊन. आई गेली तर ती पाहुणी, मुराळी नव्हे. क्षिप्राने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "केयूर आला तरच येईन. नाहीतर माझ्या सासूबाई समर्थ आहेत."

तीन वर्षांपूर्वी तिने बासितशी लग्न केलं. रजिस्ट्रारच्या कचेरीत घरचे सगळे गेले, एकटा केयूर गेला नाही. भांडण असं झालंच नव्हतं. नुसतं जाणं राहिलं होतं. आणि राहिलेलं जाणं दुधावरच्या सायीसारखं दिवसेंदिवस जाड होत गेलं.

तसा तो तिच्याकडे जायला दोनदा निघाला होता. दोन्ही वेळा गव्हाण फाट्याच्या अलीकडे पंपावर थांबला, टाकी फुल केली, हवा तपासली, काच पुसून घेतली. काच पुसता पुसता मन निवत गेलं. तिथूनच गाडी वळली. घरी येऊन म्हणाला, "ट्रेलरांची लाइन होती गं, न्हावा शेव्यापर्यंत." आईने ऐकून घेतलं. आई ऐकून घेते, मानत नाही. रात्री भांडी विसळताना मात्र आजीची ओवी तिच्या ओठांवर आली होती :

*घोडा दमला, दमू दे, माझ्या मुराळ्या भाऊराया*
*बहिणीच्या अंगणात दाणा-वैरण त्याला खाया*

आज उलवे मागे पडलं आणि काट्याखालचा पिवळा दिवा लागला. केयूरने एसी बंद केला, काच खाली घेतली. खाडीचा खारट वारा आत आला. पुढे कंटेनर लादलेले ट्रेलर मुंगीच्या पायांनी चालले होते. आणि डाव्या हाताला तोच पंप.

त्याने इंडिकेटर दिला. टिक-टिक, टिक-टिक. थांबायला हवंच होतं, शहाण्या माणसाने थांबलंच असतं. पण त्याला पुसलेली काच आठवली. भरल्या टाकीत पुढची वाट जेवढी असते, तेवढीच माघारीचीही असते. इथे हात थांबला की पाय वळणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

मागच्या ट्रेलरवाल्याने भोंगा वाजवला. "ओ शेठ, मुडना है तो मुडो ना!"

केयूरने इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली.

आता मागे फिरायलाही पेट्रोल नव्हतं. किती किलोमीटर जाईल ते दाखवणारा आकडा आधी घटत गेला, मग तिथे नुसत्या दोन रेघा उरल्या. उताराला तो गाडी न्यूट्रलवर टाकी, चढाला मनातल्या मनात हात जोडी. हायवे सुटला, मिठागराची वाट लागली. गाव दिसू लागलं, मशिदीचा हिरवा घुमट दिसला, आणि गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला, आणि चिंचेखाली गपकन बसली.

पारावरची माणसं उठली. "कुनाकडं जायचंय?"

"बासितकडे. मी... त्याचा मेव्हणा."

"आरं, मंग आधी सांगाचं ना! ए, लावा रं हात!"

मुराळ्याची गाडी अशी ढकलत ढकलत बहिणीच्या अंगणात आली. ओट्यावर बासितची आई, करिमुन्निसा, कोळंबी सोलत बसली होती. तिने मान वर केली.

"काय रे पोरा, येवढा मोठा मुराळी, आन पेट्रोल भराचं भान नाय?"

"भान होतं, चाची," केयूर म्हणाला. "म्हणूनच नाही भरलं."

म्हातारीने कोळंबीचे हात पदराला पुसले. मग तांब्या पुढे केला. "पानी पी. आमच्यात बी भाऊच येतो न्यायला. लय वाट बघितली हिनं."

दाराच्या चौकटीला धरून क्षिप्रा उभी होती. चेहरा भरला होता, पावलं सुजली होती. तिने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं, घामेजलेल्या भावाकडे पाहिलं.

"घोडा दमला का रे?"

केयूरला हसू आलं. "दमला गं," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी बासित कामावरून आला तो कॅन घेऊनच. गावाने त्याला वाटेतच बातमी दिली होती. उगाच घसा साफ करत तो गाडीपाशी उभा राहिला. "भरू का आत्ताच?"

आतून कोळंबीच्या कालवणाचा वास येत होता. क्षिप्राची बॅग अजून अर्धीच भरली होती. केयूरने खिशातून किल्ली काढली आणि दारामागच्या खिळ्याला, बासितच्या स्कूटरच्या किल्लीशेजारी, अडकवली.

"राहू दे," तो म्हणाला. "सकाळी निघताना भरू."