तारेचा पीळ

"वहिनी, उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही," फिटर म्हणाला खरा, पण आत काय निघणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. दोन वर्षांपूर्वीच त्यानं ते सांगून ठेवलं होतं.

ही डिझेल पिकअप त्याच्या मित्राची. मित्र गेल्या वर्षी दगडाच्या खाणीवर फरश्या भरता भरता छातीत कळ येऊन गेला. तेव्हापासून त्याची बायकोच ती चालवायची. गाडी आता इतका धूर ओकायची, की खाणीवरचे लोक म्हणत, "आली बघा डास मारायची गाडी." वहिनीही हसायच्या. पण त्या सकाळी गाडी सुरूच झाली नाही, आणि ट्रॅक्टरला बांधून ती गॅरेजात आणावी लागली.

चार वर्षांपूर्वी हेच इंजिन फिटरनं नवं करून दिलं होतं. सिलिंडरच्या आतले नवे लायनर, नवे पिस्टन, सगळं. मग दोनच वर्षांत ते तेल खायला लागलं, तेव्हा मित्रालाच त्यानं झापलं होतं, "वेळेवर तेल बदलत नाहीस, दुसरं काय!" मित्र परोपरीनं सांगत होता, बदलतो रे बाबा, न चुकता बदलतो. वहिनी तिथंच उभ्या होत्या. त्या दिवसापासून गाडी खोकली की घरी वहिनींकडून मित्राचा उद्धार व्हायचा. एवढं एक काम धड जमेना या माणसाला! तो वाद घालायचा, पुढं पुढं गप्प बसायला लागला.

फिटरनं इंजिन खोललं आणि ब्लॉक लेथवाल्याकडे नेला. लेथवाला म्हातारा, मोजका बोलणारा. त्यानं सिलिंडरच्या वरच्या काठावरून नख फिरवलं, मग गेज लावून चारही मोजले. खालची बेअरिंगं उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"माती प्यायलंय हे," तो म्हणाला.

"तेल बदललं नव्हतं ना."

"छे. तेलाची हयगय झाली असती तर आधी ही बेअरिंगं गेली असती. ही तर चांगली आहेत. झीज सगळी वर आहे. माती हवेच्या वाटेनं आत आलीय."

फिटर गॅरेजात परतला. खोललेल्या सामानाच्या ढिगातून त्यानं हवेचा रबरी पाइप उपसला. फिल्टरच्या पुढं, इंजिनाकडे जाणारा. आतून बोट फिरवलं तर बोटाला पांढरी भुकटी लागली. पाइपाच्या तोंडाशी खालच्या बाजूला क्लिप नव्हती, बांधायची तार होती. ढिली झालेली, म्हणजे खाणीची धूळ फिल्टर चुकवून तिथूनच आत जात होती. तिला उलटा, डाव्या हाताचा पीळ होता. या गल्लीत डावरा फिटर एकच होता.

त्याला आठवलं. इंजिन नवं करून बसवलं त्या दिवशी क्लिप संपली होती. उद्या आणून लावतो, असं तो स्वतःशीच म्हणाला होता.

संध्याकाळी लेथवाल्याला त्यानं तार दाखवली. लेथवाला म्हणाला, "माणूस तर गेला. आता सांगून कुणाचं भलं होणार?"

फिटर रात्रभर तळमळला नाही, उलट मेल्यासारखा झोपला, आणि त्याचीच त्याला सकाळी लाज वाटली. वहिनी आल्या तेव्हा त्यानं पाइप त्यांच्या हातात दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पाइपात बोट घालून पाहिलं. मग बाकावर बसल्या.

"ते किती सांगायचे हो," त्या म्हणाल्या. "तेलाचे रिकामे डबेसुद्धा दाखवले होते मला. मी म्हटलं, डबे काय, कुठूनही आणता येतात."

"वहिनी, चूक माझी..."

"तुमची आहेच. पण तुम्ही एकदा बोललात. मी रोज बोलले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि उठल्या. "मला सांगून भागणार नाही. घरी चला. सासूबाईंसमोर सांगा. मी ह्यांना बोलायला लागले तेव्हापासून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं."

म्हातारी दारातच भाजी निवडत बसली होती. फिटर उभ्या उभ्या बोलला. सगळं ऐकून झाल्यावर म्हातारी म्हणाली, "तुझा केवढा विश्वास होता रे त्याला. दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देत नव्हता."



भाजी निवडता निवडता तिनंच विचारलं, "मग आता होते का ती नीट, की भंगारात घालायची?"

"होते, काकू. ब्लॉकला तडा नाही. जुने लायनर काढून नवे बसवता येतात. क्रँकचा दांडा अजून एकदा घासून घेता येईल, त्यानंतर मात्र नाही."

"मग कर," म्हातारी म्हणाली. सुनेकडे न बघता तिनं पाट पुढं सरकवला. "बस. उभी का?"

वहिनी बसल्या. भाजीची अर्धी जुडी त्यांनी आपल्याकडे ओढून घेतली.

काम नऊ दिवस चाललं. वहिनी रोज दुपारी येऊन समोर बसायच्या आणि प्रत्येक भाग कशासाठी आहे ते विचारायच्या. हवेच्या पाइपाची क्लिप त्यांनी स्वतःच्या हातानं आवळली. दहाव्या दिवशी इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. फिटर बाजूला उभा राहून ऐकत होता. वहिनींनी गाडी मागं घेतली, आरशात पाहिलं, आणि खाणीच्या रस्त्याला लागल्या.