चौदा किलोंची स्टेपनी

नाना न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचं एकट्यानं राहणं संपलं. जन्मभर बुकबाइंडिंग केलेला माणूस. बायको गेल्यावर सहा वर्षं तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी एकहाती सांभाळला होता. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली, आणि थोरल्या मुलीकडे, दीडशे किलोमीटरवर, कायमचं जायचं ठरलं. धाकटीही त्याच गावात राहायची. एका रविवारी सकाळी दोन मुली, दोन जावई आणि दोन गाड्या नानांना न्यायला आल्या.

थोरलीचा नवरा नकाशे काढायच्या ऑफिसात होता. गाडी किती अॅव्हरेज देते असं विचारलं तर तो "अठरा-एकोणीस" कधीच म्हणायचा नाही, "अठरा पॉइंट सहा" म्हणायचा. त्यामुळे सगळे त्याला पॉइंटराव म्हणत. धाकटीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्याची गाडी दुसऱ्या कंपनीची, आणि ती एकोणीस पॉइंट दोन देते असं त्याचं म्हणणं. हा वाद चार वर्षं चालू होता. नाना ऑपरेशन थिएटरमध्ये असताना बाहेरच्या बाकावरही तो चालू होता.  

आज मात्र सोक्षमोक्ष लावायचा, असं दोघा साडूंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कोपऱ्यावरच्या पंपावर दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरून झाल्या होत्या. रस्ता एक, वेग एक, एसी बंद. राहिला प्रश्न वजनाचा. त्यासाठी पॉइंटरावानं घरून वजनकाटा आणला होता.

थोरली चादरींचं गाठोडं घेऊन खाली आली तेव्हा चष्मेवाला भांड्यांचं खोकं काट्यावर ठेवून आकडा वाचत होता.

"अकरा पॉइंट चार. हे तुमच्याकडे."

"मग पुस्तकं तुमच्याकडे," पॉइंटराव म्हणाला. "आणि तो बाइंडिंगचा लोखंडी प्रेस नकोच. एकतीस किलो आहे. पुढच्या वेळी नेऊ."

"पुढच्या वेळी कधी?" थोरलीनं विचारलं. "उद्या फ्लॅटची किल्ली द्यायचीय."

पण दोघांना आता मोठी अडचण दिसली होती.

"नाना कुणाच्या गाडीत?" चष्मेवाला म्हणाला. "चौसष्ट किलोंचा फरक पडतो."

"दुसऱ्या गाडीत दोघी बहिणी बसल्या तर?"

"दोघी मिळून एकशे एकोणीस. छे, मेळ बसत नाही."

नाना लिफ्टच्या दारात काठीवर भार देऊन उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. ते शांतपणे म्हणाले, "मी बसने येतो, जावईबापू. बसचं अॅव्हरेज कुणी बघत नाही."

पॉइंटराव चक्क हसला. त्याला वाटलं, विनोद झाला. थोरलीनं नानांचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातलं गाठोडं जमिनीवर पडलं.

"किल्ली," ती म्हणाली.

"कसली?"

"गाडीची. इकडे आण. नाना, मी आणि धाकटी या गाडीतून जाणार. प्रेस डिकीत ठेवा. तुम्ही दोघं, ती खोकी आणि तो काटा, सगळं त्या गाडीत. काय मोजायचंय ते आपापसात मोजत बसा."

"अगं पण मग तुलनाच होणार नाही!"

"नको होऊ दे!"

प्रेस दोघांनी मिळून उचलला. तोंडं अशी केली होती, जणू कुणी त्यांची गाडीच भंगारात घातली.

थोरलीनं एसी लावला आणि घाटात हवा तो गिअर टाकला. नानांना दोनदा पाय मोकळे करायचे होते, म्हणून दोनदा थांबली. धाकटी मागून म्हणाली, "ताई, दर रविवारी मला पंपावर हवा भरायला नेतो गं हा. फिरायला नाही, हवा भरायला." नानांना हसू आलं. नंतर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

दीड वाजता घर आलं. सव्वादोनला फोन वाजला.

"पंक्चर झालंय," पॉइंटराव म्हणाला.

"मग स्टेपनी लावा."



"स्टेपनी घरी आहे. यांच्या गॅरेजमध्ये."

"का?"

"चौदा किलो असते गं ती. आणि गॅरेजची किल्ली यांच्या खिशात आहे."

थोरलीनं डोळे मिटले. "आपल्या गाडीची आणून देऊ का? बसेल?"

"नाही, ती वेगळी असते." जरा थांबून तो अगदी हळू म्हणाला, "शिवाय आपलीही डिकीत नाहीये. पलंगाखाली ठेवलीय."

 काठीवर चालणाऱ्या वडिलांना घेऊन ती दीडशे किलोमीटर आली होती. घाट, उन्हाचा रस्ता, मध्ये कितीतरी अंतर वस्तीच नाही. आणि डिकीत जादाचं चाक नव्हतं.

"मी सांगणारच होतो. पण तू किल्लीच हिसकावून घेतलीस."

"आता ते चाक काढा आणि पंक्चरवाला सापडेपर्यंत चालत जा," ती म्हणाली. "फोन करू नकोस."

दोघे साडेपाचला आले, धुळीनं माखलेले. चाक आळीपाळीनं ढकलत चार किलोमीटर गेले होते. पॉइंटराव आधी दारातल्या आपल्या गाडीत डोकावला. प्रवासाच्या किलोमीटरचा आकडा शून्यावर होता.

"तू पुसलास?"

"हो. आत जा. नाना जागे आहेत. माफी माग."

तो बराच वेळ चपला काढत राहिला. मग आत गेला. थोरलीला स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं.

"नाना, सकाळी मी... म्हणजे तुम्हाला वजन म्हणून... तसं नव्हतं मनात."

"तसंच होतं," नाना म्हणाले. "बसा."

तो बसला. चष्मेवालाही येऊन दाराशी टेकला. दहा मिनिटं कुणी गाडीचं नाव काढलं नाही. थोरलीच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि असं पहिल्यांदाच घडत होतं.

अकराव्या मिनिटाला चष्मेवाल्यानं घसा खाकरला. थोरलीनं भाजीची सुरी खाली ठेवली आणि बाहेर आली. त्यानं नुसतं पाणी मागितलं.