विमान, विमानतळ आणि तळघर

"बाबा, खरं सांगा, तिसऱ्या दिवशी तुम्ही कुठे गायब झाला होतात?"

प्रश्न तिचा नव्हता, मैत्रिणींनी पैज लावली होती. दुपारी बाबांच्या सहलीचे फोटो बघताना मैत्रिणींपैकी ढब्बूच्या लक्षात आलं, की त्या उंच मनोऱ्यासमोर एकवीस जण दात काढून उभे आहेत आणि बाविसावा, म्हणजे हिचा बाप, फोटोतच नाही. "विचार की! एरवी भाषणं ठोकतेस," दुसरी मैत्रीण, चष्मिष्ट, म्हणाली होती. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून घरात तिला तोफ म्हणत. तोफेनं माघार घ्यायची म्हणजे काय!

बाबा पंप दुरुस्त करत. इमारतींचे, दवाखान्यांचे, जिथे पाणी वर चढायला कुरकुरतं तिथले. यंदा एका कंपनीनं आपले पंप बसवणाऱ्या निवडक मेकॅनिकांना परदेश फिरवून आणलं, त्यांत बाबा होते. घराण्यात विमानात बसलेला पहिला माणूस! तोफेनं वर्गभर दवंडी पिटली होती. आणि परत येताना बाबांनी काय आणावं? आईला अत्तर, तिला चॉकलेटं आणि कागदी रुमालात गुंडाळलेलं एक गंजकं बेअरिंग. मैत्रिणी पोट धरधरून हसल्या होत्या.

"पोट बिघडलं होतं," बाबा म्हणाले. "तो फॉर्म आण. आधी ते उरकू."

कंपनीला सगळ्यांच्या वतीनं, सगळ्यांच्या सह्यांसकट एकच अभिप्राय हवा होता: विमान, विमानतळ, हॉटेल. कंपनी तो पुढे हॉटेललाही धाडणार होती. लिहायचं काम कंपनीचे पंप विकणाऱ्या, सहलीलाही बरोबर असलेल्या डीलरकाकांनी तोफेवर सोपवलं होतं. बाबांची निम्मी कामं या काकांमार्फत यायची, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची घरात पद्धत नव्हती.

"विमान कसं होतं?" तिनं पेन सरसावलं.

"बरं होतं. पंखाजवळ जागा मिळाली. इंजिनाचा आवाज एकसारखा. कुठे खरखर नाही."

"अहो, ढग कसे दिसत होते ते सांगा की," कपड्यांच्या घड्या घालत आई म्हणाली.

"ढग? होते."

"आणि विमानतळ?"

"लांबलचक. माणूस चालून दमू नये म्हणून जमीनच सरकते. येताना मात्र माझी बॅग उघडायला लावली. ते बेअरिंग बघून साहेब हसला. सगळे खोळंबले, डीलर चिडले."

"मी असते तर मीपण चिडले असते. आता हॉटेल. ते मी लिहूनच ठेवलंय." ती उभी राहिली, घसा खाकरला आणि स्पर्धेतल्यासारखं वाचू लागली. "'तिसऱ्या दिवशी सकाळी बावीस माणसं अंगाला साबण फासून कोरड्या नळाकडे डोळे लावून बसली. पाण्याची व्यवस्था पाहणारा इसम तेव्हा बहुधा घोरत असावा. अशा कामचुकाराला हॉटेलनं ताबडतोब नारळ द्यावा!' नारळाचं वाक्य काकांनी सांगितलंय, साबण माझा."

आई खुदकन हसली. मग तिचं लक्ष बाबांकडे गेलं आणि हसू तिथेच थांबलं.

"घोरत नव्हता तो," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी खाली होतो ना, त्याच्याबरोबर."

नळानं आचका दिला तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं, की पंप बंद पडला. पोटाचं निमित्त सांगून ते मागे राहिले आणि जिने उतरत तळघरात गेले. तिथे त्यांच्याच वयाचा एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता. तीन पंप. एकाचे अवयव काढून दुसऱ्याला, दुसऱ्याचे काढून तिसऱ्याला, असं करत त्यानं एकच कसाबसा चालता ठेवला होता. त्याची भाषा यांना येईना, यांची त्याला. पण पाना कुठला द्यायचा हे दोघांनाही न सांगता कळत होतं. संध्याकाळी पाणी चढलं, तोवर मनोरा बघून सगळे परतही आले होते.

"निघताना त्यानं ते झिजलेलं बेअरिंग हातात ठेवलं. द्यायला दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे." बाबांनी फोन पुढे केला. "आणि ही त्याची वही. भिंतीला टांगलेली. मला वाचता येईना, म्हणून फोटो काढला."

पानावर एकच ओळ सहा वेळा लिहिलेली होती, प्रत्येक वेळी वेगळी तारीख. तोफेनं आपल्या फोनवर भाषांतराची सोय उघडली आणि फोटोवर धरली. अक्षरं थरथरली, बदलली. तिनं वाचलं. या वेळी ती उभी राहिली नाही.

"बेअरिंग मागितले. आले नाही. बेअरिंग मागितले. आले नाही."

"वाटलंच मला," बाबा म्हणाले. "तारखांवरून. माझ्याही वहीत असंच असायचं."

"कुठल्या वहीत?"

बाबा उठून खिडकीशी गेले. उत्तर आईनं दिलं. "तू तिसरीत होतीस. दवाखान्यातली यांची नोकरी गेली, आपण ते घर सोडलं. पाणी दोन दिवस नव्हतं, लोकांनी तक्रार केली. चाळीस सह्या होत्या. वही कुणी उघडूनही बघितली नाही."

"मला तर सांगितलं होतंत, की बाबांनी नोकरी बदलली!"

"तिसरीतल्या पोरीला काय सांगायचं असतं?"

 टेबलावरचं बेअरिंग तोफेनं उचललं, बोटानं फिरवून पाहिलं. खर्र खर्र करत ते अडकलं, पुन्हा थोडं फिरलं. दुपारी याच आवाजावर त्या तिघी खिदळल्या होत्या.

"मी हे बदललं तर काकांना राग येईल का?"

"येईल," आई म्हणाली. "कामंही तोडतील कदाचित. तू ठरवून टाकू नकोस, यांना विचार."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "विमान चांगलं होतं असं लिही," ते हळूच म्हणाले. "हॉटेलचं... तुला जे खरं वाटेल ते."

तिनं लिहिलेला कागद उभा फाडला, मग आडवा. साबणाचं वाक्य फार झकास जमलं होतं, तेही गेलं. कोऱ्या कागदावर ती बराच वेळ लिहीत राहिली. आईच्या घड्या संपल्या तरी ती उठली नाही.

"ऐका," ती शेवटी म्हणाली. आवाज तोफेचा नव्हता, साधाच होता. "हॉटेलच्या रकान्यासाठी मी तळघराबद्दल लिहिलंय. वहीचा फोटो जोडणार आहे. उद्या शाळेत जायच्या आधी काकांकडे मीच घेऊन जाणार, काय बोलायचं ते मला बोलू द्या. बाकीच्यांच्या सह्या होतील न होतील. पण बाबा, पहिली सही तुम्ही करायची."