काळ्या फायबरखाली

बाबांनी लाकूड निवडताना जावयाचं मत विचारलं आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. पोटात नेमकं कुठे, असं कुणी डॉक्टरने विचारलं असतं, तर त्याने सरळ बहिणीच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

घरामागच्या शेडमध्ये बाबा लांब धनुष्यं बनवायचे. मुठीच्या वरच्या-खालच्या दोन्ही पात्यांना, म्हणजे वाकणाऱ्या भागांना, पुढून-मागून फायबरची पट्टी आणि मधे गाभ्याला लाकडाच्या पातळ पट्ट्या, सगळं इपॉक्सीने साच्यात चिकटवलेलं. ताण बहुतेक फायबरच घेतं, मग लाकडाचं एवढं काय, असं गिऱ्हाईक विचारायचं. बाबा त्याला बसवून घ्यायचे आणि समजावायचे: रेषा सरळ हवी, गोंद धरणारं हवं, दोन्ही पात्यांच्या पट्ट्या एकाच फळीतून काढलेल्या हव्यात, नाहीतर एक पाती एक म्हणते आणि दुसरी दुसरंच. फळी पारखायचं काम बाबांनी कुणालाच दिलं नव्हतं. पण आता त्यांची नजर अधू झाली होती, रेषा नीट दिसत नव्हत्या, आणि हे काम पुढे कुणीतरी घ्यायला हवं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण? थोरला! या शेडच्या भुशात तो रांगला होता. आणि हा जावई कालपरवापर्यंत खुर्च्या ठोकत होता. त्याचं दुकान बसलं, तेव्हा बहिणीने रदबदली केली आणि तो इथे आला, इतकंच.

थोरला म्हणाला, मेपल. आजवर मेपलच वापरत आलो आहोत. जावई फळीवरून हात फिरवत म्हणाला की बांबू करून बघू या, हलका असतो, पातीही हलकी होईल.

"बांबू? परांचीला बांधतात तो?" थोरल्याने विचारलं.

"तोच, दादा. फक्त चांगला वाळवलेला," जावई म्हणाला.

बाबा हसले. अगदी मनापासून हसले. आपल्या कुठल्या बोलण्यावर ते असे हसले होते, हे थोरल्याला आठवेना, आणि दिवसभर तो तेच आठवत बसला.

शेवटी बाबांनी तोड काढली. दोघांनी एकेक धनुष्य बनवायचं. साचा एकच, ओढ सारखीच, फायबर काळं, कडांनाही काळा रंग, म्हणजे आतलं लाकूड दिसणार नाही. आणि निकाल द्यायचा थोरल्याच्या बायकोने. यात पक्षपात वगैरे कुणाच्या मनातही आलं नाही. ती लग्नाआधीपासून नेमबाजी करायची, आणि तिने बाण मारून पाहिल्याशिवाय या शेडमधून एकही धनुष्य बाहेर पडत नसे. ज्याचं धनुष्य ती निवडेल, त्याने पुढे लाकूड पारखायचं, हे ठरलं.

मग काय विचारता! थोरल्याचं निम्मं लक्ष आपल्या पट्ट्यांवर आणि निम्मं जावयाच्या. मेला किती हळुवार घासतो. बहीण चहा घेऊन येते आणि नवऱ्याच्या बाकाशीच रेंगाळते, भावाचा कप कोपऱ्यात ठेवून मोकळी होते. इपॉक्सी लावायच्या दिवशी तर जावयाने कहरच केला. थोरल्याकडे येऊन विचारलं, "दादा, शिकंजे टोकाकडून आवळू की मधून?" सल्ला मागतोय, तोही नम्रपणे! थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "मधून," तो म्हणाला, कारण खोटं सांगायची सोय नव्हती, बाबा ऐकत होते. पण दोरी चढवताना तुझी पाती उकलू दे, असं तो मनात म्हणाला. उकलली नाही. एकसारखी वाकली. देखणी होती, आणि ते थोरल्याला बघवेना.

निकालाच्या दिवशी सगळे शेडमागच्या मोकळ्या जागेत जमले. बायकोने एक धनुष्य उचललं, बाण सोडले, ठेवलं. दुसरं उचललं, सोडले, ठेवलं. परत पहिलं. जावई तिच्या हाताकडेच बघत होता. मग थोरल्याचं धनुष्य पुढे केलं आणि म्हणाली, "हे."

बाबांनी मान हलवली आणि फळ्यांच्या खोलीची किल्ली थोरल्याच्या हातात दिली. जावई म्हणाला, "छान झालंय, दादा," आणि खरंच तसं वाटत असल्यासारखा म्हणाला. थोरला तरंगतच घरात शिरला. जेवताना तर तो जावयाला आग्रह करकरून वाढत होता, इतका उदार झाला होता.

दुपारी पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात गेला, तर बायको कोमट पाण्याच्या पातेल्यात मनगट बुडवून बसलेली.

"काय झालं?"

"काही नाही. सुटताना धक्का बसतो."

"कुठल्याने?"

 तिने पाण्यात बोटं उघडली, मिटली.

"त्यांचं हातात कळतही नाही," ती शेवटी म्हणाली. "बाण जातो आणि मूठ गप्प राहते. इतक्या वर्षांत असं धनुष्य मी चालवलं नव्हतं."

"मग माझं का निवडलंस? आणि माझं कुठलं हे तुला कळलं तरी कसं?"

"तुमचं हातात घेतलं की तुम्ही श्वास धरून उभे. आंधळ्यालाही कळलं असतं." तिने मनगट पुसलं. "तुम्ही हरला असता, तर ते मला या घरात रोज भोगावं लागलं असतं. त्यापेक्षा मनगट परवडलं."

 थोरल्याच्या खिशात किल्ली होती, ती त्याने उगाच चाचपली. मत्सर गेला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! आता तर त्याला जावयाच्या त्या मुठीचाही हेवा वाटत होता, जी आपल्या बायकोच्या हातात गप्प राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये गेला तेव्हा जावई मेपलची फळी करवतीला लावत होता, थोरल्याने सांगून ठेवल्याप्रमाणे. बाबा बाजूला दोरी वळत बसले होते.

"ती फळी ठेवून द्या," थोरला म्हणाला. "बांबू काढा."

जावयाने करवत बंद केली. "का, दादा? तुमचं जिंकलं ना?"

"तिने माझ्याकडे बघून निवडलं. तुमचं चांगलं होतं." एवढं बोलायला त्याला घाम फुटला. त्याने किल्ली काढून जावयापुढे बाकावर ठेवली. बाबांचे हात दोरीवर थांबले.

आता हा म्हणणार, मी सांगत होतो. निदान डोळ्यांत तरी चमक येईल. थोरला त्याचीच वाट बघत उभा राहिला, कारण मग त्याला मनसोक्त चिडता आलं असतं.

जावयाने किल्ली उचलली नाही. "वहिनींचं मनगट फार दुखतंय का?" त्याने विचारलं.

आणि थोरल्याला त्याचा जन्मात आला नव्हता एवढा राग आला.