हडसनमधला जप

चाकाखाली काहीतरी मऊ आलं आणि अनसूयाबाईंचे मिटलेले डोळे उघडले. बोटांतली माळ थांबली, ओठांवरचा जप थांबला, आणि त्याच क्षणी महिपतरावांनी करकचून ब्रेक दाबला. लांबलचक हडसन मोटार पाटणकर बाजाराच्या तोंडाशी एक हिसका देऊन उभी राहिली.

"काय झालं?" महिपतरावांनी विचारलं. ते सरळ समोर बघत होते.

अनसूयाबाई दार उघडून उतरल्या. पुढच्या चाकाखाली झेंडूची टोपली अर्धी चेपली होती. फुलवाली भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या एका पायात चप्पल होती. दुसरी टोपलीशेजारी पडली होती, चाकापासून वीतभर अंतरावर.

"माणूस नाही ना?"

"नाही. फुलं आहेत."

"भर रस्त्यात बसतात," महिपतराव म्हणाले. "हॉर्न द्यायलाही सवड देत नाहीत."

अनसूयाबाईंनी फुलवालीकडे पाहिलं. नवरात्रात रोज मांढरे मातेच्या दर्शनाहून परतताना ती त्यांना दिसायची, पिंपळाच्या पाराला टेकून, रस्ता सोडून. आजही ती पाराशीच बसली होती. तिकडे गेली होती ती गाडी.

त्यांनी देवीच्या प्रसादाचा नारळ फुलवालीच्या हातात दिला, तिची चप्पल उचलून तिच्यापुढे ठेवली आणि गाडीत येऊन बसल्या. टायरच्या खाचांत अडकलेला झेंडू पुढे बाड्याच्या चौकापर्यंत रस्त्यावर गळत राहिला.

"म्हण की," थोड्या वेळानं महिपतराव म्हणाले. "का थांबलीस?"

अनसूयाबाईंनी जप सुरू केला. श्रीराम जय राम जय जय राम. गाडीनं वेग घेतला. समोरून टांगा आला, तशी त्यांची जीभ आपोआप अडखळली आणि गाडी मंदावली. टांगा गेला, त्यांनी माळ पुढे ओढली, गाडी पुढे निघाली. बाड्याच्या वळणावर एक हातगाडी आडवी आली आणि पुन्हा तसंच झालं. गेली दोन-तीन वर्षं ही गाडी आपल्या ओठांवर थांबत होती आणि चालत होती, आणि आज पहिल्यांदाच आपण तल्लीन होऊन डोळे मिटले होते.

शिंदे की छावनीतल्या घराशी येईपर्यंत त्यांनी पापणी लवू दिली नाही.

महिपतराव दरबारच्या मोटारखान्याचे प्रमुख होते. ही अमेरिकन गाडी मुंबईच्या गोदीत उतरली तेव्हा ती ताब्यात घ्यायला तेच गेले होते, आणि ग्वाल्हेरपर्यंत त्यांनी ती स्वतः चालवत आणली होती. आठ सिलिंडरची, बिनछपराची, पुढे एवढं लांब बॉनेट की लोक म्हणत, महिपतराव अजून बाड्यावर आणि मोटार छावनीत. आग्र्याच्या रस्त्यावर त्यांनी एकदा पंजाब मेलशी शर्यत लावली होती आणि मेलच्या ड्रायव्हरनं टोपी हलवून हार मानली होती. संस्थान विलीन झालं, मोटारखाना मोडला, ड्रायव्हर पांगले. निवृत्त होताना महिपतरावांनी एवढी एकच गाडी घरी आणली. ती दुसऱ्या कोणाच्या हाती कधी दिली नाही.

त्यांनी देवघरात पाय ठेवल्याचं अनसूयाबाईंना आठवत नव्हतं. "आमचा देव गॅरेजमध्ये," असं ते म्हणत आणि बायकोला पुजारीणबाई म्हणून हाक मारत. पण दोन-तीन वर्षांपूर्वी एक दिवस ते अचानक म्हणाले होते, "गाडीत मनातल्या मनात कशाला जपतेस? मोठ्यानं म्हण. बरं वाटतं ऐकायला." त्या दिवशी अनसूयाबाईंनी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली होती. नेम फळाला आला म्हणून मांढरे मातेची खणानारळानं ओटी भरली होती.

आता त्या बसल्या जागेवरून बघत राहिल्या. सकाळी महिपतराव सांबराचं मऊ कातडं घेऊन गाडी पुसत. एक हात पुसायचा, दुसरा हात गाडीच्या अंगावरून पुढे पुढे सरकायचा. दिव्यापासून बॉनेटवर, बॉनेटवरून दारावर. ही माया आहे असं त्या समजत होत्या. चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला की ते बशीच्या कडेनं बोट फिरवून कान शोधत. वर्तमानपत्र तर कधीचंच त्या वाचून दाखवत होत्या. चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे, असं ते म्हणायचे. चष्मा त्यांच्या खिशात असायचा.

"अहो," एका दुपारी त्या म्हणाल्या, "डोळे एकदा दाखवून येऊ या का?"

"गाडी मी डोळ्यांनी चालवतो, असं कोणी सांगितलं तुला?" महिपतराव हसले. "गाडी कमरेनं चालवायची असते, पुजारीणबाई. खालचा रस्ता कंबर सांगते."

"आणि वरचा?"

महिपतराव कातडं झटकून दोरीवर वाळत घालायला गेले, आणि दोरीच्या हातभर अलीकडेच त्यांनी ते सोडलं. ते जमिनीवर पडलं. ते तसेच आत निघून गेले.

त्याच आठवड्यात दौलतसिंह आले. मोटारखान्यात ते महिपतरावांच्या हाताखाली होते आणि त्यांना अजूनही मालक म्हणत; आता हौशी मोटारवाल्यांचे म्होरके झाले होते. त्यांच्या घरात हिंदी, इकडे मराठी, त्यामुळे बोलण्यात दोन्हींची खिचडी असायची. ओसरीवर बसून त्यांनी सगळा बेत सांगितला. एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपणार होतं. राजधानी भोपाळला चालली होती, मोतीमहालातल्या कचेऱ्यांच्या फायली पेट्यांत भरल्या जात होत्या. महिपतरावांचा मुलगा श्रीपाद तिथल्याच एका कचेरीत होता आणि भोपाळला राहायला जागा बघायला गेला होता. तेव्हा सगळे पांगायच्या आत, दसऱ्याच्या दिवशी, फूलबागेत गावातल्या जुन्या मोटारी मांडायच्या, असं ठरलं होतं.

"नुसत्या मांडायच्या नाहीत हां, वहिनी," दौलतसिंह म्हणाले. "सगळ्यांत पुढे आपले मालक. फाटकातून सरळ आत, फुल स्पीड. लोकांना एकदा तो आवाज ऐकवायचा. दोन्ही बाजूंनी शाळेच्या मुली उभ्या करतोय, फुलं टाकायला."

"मुली किती जवळ उभ्या असतील?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"अगदी कडेला. फुलं गाडीत पडली पाहिजेत ना."

महिपतरावांची मान ताठ झाली होती. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "राजधानी गेल्यावर राहील काय इथे?" ते म्हणाले. "किल्ला आणि आपण. किल्ल्याला तरी निदान चाकं नाहीत."

दौलतसिंह खूप हसले. निघताना फाटकापाशी अनसूयाबाईंना म्हणाले, "वहिनी, मालकांची तबियत बरी आहे ना? जरा उतरल्यासारखे वाटले."

अनसूयाबाईंनी पदर सावरला. दर चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा लग्नानंतरच्या पहिल्या आषाढीपासूनचा नेम होता. शेजारच्या शांताताई म्हणायच्या, या चार महिन्यांत अनसूयाबाईंना भाजी कशी झालीय ते विचारू नये. खरं सांगायचं तर ते आत्ताच, याच फाटकापाशी. मागे ओसरीवर महिपतराव उभे होते. खांबाला हात लावून, कान इकडे लावून.

"देवाची कृपा आहे," त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला महिपतराव नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवले. आवरताना अनसूयाबाई म्हणाल्या की दसऱ्याला घरी सवाष्णी यायच्या आहेत, त्यामुळे आपल्याला फूलबागेत यायला जमणार नाही. यात खोटं काहीच नव्हतं. सवाष्णी दर दसऱ्याला यायच्या.

महिपतरावांचा हात ताटावर थांबला.

"तू नसशील तर कसं?" ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की त्या दचकल्या. मग त्यांनी घसा साफ केला. "बरं. नको येऊस. मी एकटा जाईन."

ते जाणार, हे अनसूयाबाईंना ठाऊक होतं. पंजाब मेलशी शर्यत लावलेला माणूस होता तो. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या आणि पहाटे उठून त्यांनी शांताताईंना निरोप पाठवला की सवाष्णींना संध्याकाळी बोलावू.

दसऱ्याला अंगणात गाडीची पूजा झाली. अनसूयाबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दिव्यांना झेंडूचे हार घातले, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. महिपतरावांनी फेटा बांधला होता. दरबारात मिळालेलं पदक कोटावर लावलं होतं, तिरकं. अनसूयाबाईंनी ते सरळ केलं.

"कशी दिसतेय?" त्यांनी गाडीकडे तोंड करून विचारलं.

"नवरीसारखी."

"पुसली चांगली गेलीय ना? डाव्या बाजूला?"

"चांगली गेलीय," त्या म्हणाल्या. डाव्या बाजूला धुळीचा पट्टा तसाच होता. त्यांनी पदरानं तो पुसला, आणि मग पुन्हा म्हणाल्या, "आता चांगली गेलीय."

इंजिन सुरू झालं तसा ओसरीवरच्या समईच्या ज्योतीचा शेंडा थरथरला. लिंबं एकेक करून फुटली. महिपतरावांनी मान उंच धरली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. ते वाट बघत होते.

अनसूयाबाईंनी माळ काढली. श्रीराम जय राम जय जय राम.

रस्ता रिकामा होता. दुकानांच्या दारांना तोरणं लावून माणसं घरी गेली होती, उरलेली सगळी फूलबागेकडे. तरीही त्या प्रत्येक बोळाकडे, प्रत्येक ओट्याकडे बघत होत्या. गाडी जपाच्या चालीवर चालली होती. महिपतराव खूश होते. ते मध्येच म्हणाले, "ऐकतेस ना तिचा सूर? अजून तसाच आहे." आणि एकदा त्यांनी पायानं जोर दिला तेव्हा हडसन अशी उसळली की अनसूयाबाईंची पाठ गादीला टेकली आणि जप घशात परत गेला. गाडी लगेच सावरली. त्यांनी घाईघाईनं पुढचं नाम घेतलं.

दुरून बँड ऐकू यायला लागला. मग ध्वनिक्षेपकावरून दौलतसिंहांचा आवाज. एकेका मोटारीचं नाव, एकेका मालकाचं नाव. त्याखाली मुलींचा कलकल असा आवाज, झाडावर पाखरं उतरावीत तसा. आता एक वळण, मग फाटक.

वळणाच्या अलीकडे कडुलिंबांची रांग होती. त्यांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या, दुसरं काही नव्हतं. माणूस नाही, जनावर नाही, वाऱ्यानं उडालेलं पानसुद्धा नाही.

"थांबा," अनसूयाबाई म्हणाल्या.

ब्रेक लागला. गाडी उभी राहिली.

महिपतराव ताठ बसले होते. नजर सरळ समोर, त्या मोकळ्या, उन्हानं पांढऱ्या झालेल्या रस्त्यावर. त्यांनी मान वळवली नाही. चेहऱ्यावर घाई नव्हती, फक्त रस्ता मोकळा होण्याची वाट बघणाऱ्या माणसाचा समजूतदारपणा होता.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

अनसूयाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. मग हातातल्या माळेकडे.

"गाय आहे," त्या म्हणाल्या.

"उभी आहे का बसलीय?"

"बसलीय."

"हॉर्न देऊ?"

"नको. सणाचा दिवस आहे. उठेल आपली आपण."

महिपतरावांनी मान हलवली. इंजिन नुसतं धुमसत राहिलं. ध्वनिक्षेपक खरखरला आणि दौलतसिंहांनी मोठ्यानं नाव पुकारलं, मोटारखान्याचे महिपतराव, त्यांची हडसन, सगळ्यांत पुढे. टाळ्या वाजल्या. बँडनं नवी धून धरली.

"उठली का?"

"नाही अजून."

नाव पुन्हा पुकारलं गेलं. टाळ्या थोड्या कमी. महिपतरावांनी कोटावरच्या पदकाला बोट लावलं. त्यांनी डोकं किंचित तिरकं केलं, जसं ते इंजिनातली बारीक कुरकुर ऐकताना करत, आणि बराच वेळ तसंच धरलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

एकाएकी गाडीभोवती शांत झालं. जवळपास गाय असती तर तिच्या गळ्यातली घंटा, निदान रवंथ, निदान शेपटीचा फटकारा ऐकू आला असता.

"तू चातुर्मासात खोटं बोलत नाहीस," महिपतराव म्हणाले.

फूलबागेत तिसऱ्यांदा त्यांचं नाव झालं, मग दुसऱ्या कुणाचं तरी. बँड पुढे गेला. मुलींनी ओरडून फुलं टाकली असावीत.

महिपतरावांनी किल्ली काढली आणि बाजूला धरली. ती अनसूयाबाईंपासून वीतभर लांब, रिकाम्या जागेत धरली गेली होती. अनसूयाबाईंनी हात तिथे नेऊन ती घेतली.

"बसू दे तिला," महिपतराव म्हणाले. "तू म्हण."

त्यांनी माळ पुन्हा धरली आणि जप सुरू केला, मोठ्यानं. गाडी जागची हलली नाही.